झुरळांचा आकडा आणि घरघंटी



गेल्या चतुर्दशीला दुपारी माझी भाची लॅपटॉप घेऊन आली. माझं एकाशन होतं, त्यामुळे स्वयंपाकघर लवकर आवरलं होतं आणि हाताशी वेळ होता. भाचीने बाळंतपणानंतर पुण्यातली नोकरी सोडली. लेक आता दोन वर्षांचा झालाय. घरात बसून चार पैसे मिळतील असं काहीतरी तिला करायचंय. तिने ठरवलंय अ‍ॅफिलिएट वेबसाइट.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या वस्तूबद्दल आपण लिहायचं आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली, तर दुकान आपल्याला काही टक्के कमिशन देतं. गिऱ्हाइकाला जास्तीचा पैसा पडत नाही. अ‍ॅमेझॉनने हा प्रकार १९९६ साली सुरू केला, आता बहुतेक मोठी दुकानं तो चालवतात. म्हणजे आपल्याकडची दलाली, फक्त अडत्याच्या गादीऐवजी लॅपटॉप.

या धंद्यात पहिल्या दिवशी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. साइट कशाबद्दल असणार तो नेमका विषय, त्याला 'निश' म्हणतात. आणि लोक गूगलवर कोणते शब्द टाकून त्या विषयाचं शोधतात ते, म्हणजे कीवर्ड. भाचीने 'घरगुती वस्तू' हा विषय धरून एक तक्ता केला होता. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला महिन्याला किती लोक ते शोधतात त्याचा आकडा. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या आकड्यासमोर होतं : झुरळं मारायचं औषध. त्याखाली डास मारायची बॅट. त्याखाली उंदरांचं.

"मावशी, आकडा बघ की!" ती म्हणाली.

मी विचारलं, "तुझ्या घरी झुरळं झाली तर तू काय करतेस?"

"ओट्याखाली कोरडं ठेवते. रात्री खरकटी भांडी ठेवत नाही. फटी बुजवून घेतल्या."

"मग हे?"

"मी कुठे मारतेय, मावशी? मी नुसती लिंक देणार."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून आजचा लेख.

माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. ते उंदराचं औषध ठेवत नसत. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं आणि औषधाबरोबर साखर-चहापूडही तिथूनच घेऊन घरी जायचं. तोटा दिसत होता. मी तेव्हा नवी सून. मला वाटायचं, हा काय वेडेपणा! उंदीर मरायचे ते मरतातच, मग आपण चार पैसे का सोडायचे? सासऱ्यांनी मला कधी प्रवचन दिलं नाही. एकदाच म्हणाले, "दुकानात काय ठेवायचं, एवढंच आपल्या हातात असतं."

निश निवडणं म्हणजे तेच, दुकानात काय ठेवायचं ते ठरवणं. या विषयावरच्या क्लासात ते फक्त आकड्यांचं काम म्हणून शिकवतात : शोध किती, स्पर्धा किती, कमिशन किती. हे तिन्ही बघायलाच हवेत, पण ते दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न असा की उद्या माझ्या लिंकवरून ही वस्तू हजार घरांत गेली, तर मला बरं वाटेल का?

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन शब्द आहेत. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान डोलावली. कर्माचा धागा तिन्हींना लागतो, हे पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. शिवाय रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितलेत, त्यात हिंसादान हा एक आहे : हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. विषाची लिंक देणं त्यात बसतं की नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, आपल्यातली कितीतरी घरं शेती करतात, उसावर फवारणी होते, तिथे काय? खरंय. गृहस्थाला सगळं सुटत नाही. म्हणून तर त्याचं व्रत हे अणुव्रत असतं. जे पिढीजात चालत आलंय, ज्यावर पोट आहे, त्याचा हिशेब वेगळा. पण जे आज नव्याने, कोऱ्या पाटीवर, आपल्या मर्जीने निवडायचंय, तिथे तरी निवडीला जागा आहे. ती जागा आकड्याला देऊन टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं.

भाचीच्या तक्त्यात दुसरा मोह होता वजन कमी करणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांचा. तिने पैसे भरून एक ऑनलाइन क्लास केला होता. तिथे सांगितलं होतं की कमिशन सगळ्यात जास्त तिकडेच आहे. भाची ना डॉक्टर, ना आहारतज्ज्ञ. कुणाला थायरॉइड आहे, कुणाचा रक्तदाब चढतो, हे तिला कुठून कळणार? त्यात कॅप्सूलचं टरफल बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेलं असतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार दिलेत, त्यातला पहिलाच मिथ्योपदेश आहे. चुकीचा सल्ला. व्यवहाराच्या बाजूनेही हा विषय नवख्यासाठी नाही. आरोग्य आणि पैसा या विषयांवरची पानं दाखवताना गूगल जास्त कडक असतं, तिथे घरगुती साइटचा निभाव लागणं कठीण.

त्याच यादीतला आणखी एक अतिचार वाचून तर मी थबकले. कूटलेखक्रिया. खोटं लिहिणं. जुन्या काळी खोटी दस्तऐवजं, खोटे हिशेब असा त्याचा अर्थ. आज 'सर्वोत्तम दहा मिक्सर' असा लेख लिहायचा आणि दहापैकी एकालाही हात लावलेला नसायचा, दुकानाच्या पानावरचीच वाक्यं फिरवून लिहायची, हे दुसरं काय आहे? अशा साइट ढिगाने आहेत. आणि हे फक्त धर्मानेच नाही तर कायद्यानेही अडतं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. शिफारस करणाऱ्याचं मत खरं असावं, त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा, असं त्यात आहे. विक्रेत्याशी आपला पैशाचा संबंध असेल तर तोही वाचणाऱ्याला स्पष्ट सांगायचा. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गूगलनेही डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्तेच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द वाढवला. म्हणजे सूत्र, सरकार आणि गूगल तिघांचं इथे एकमत आहे. असं रोज घडत नाही!

मग आम्ही तक्ता मिटला आणि वही घेतली. मी तिला विचारलं, "तुला बायका फोन करून काय विचारतात?"

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग हसली. "घरघंटीचं."

तिच्या सासरी चौका लागतो. पिठाची मर्यादा पाळतात : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. गिरणीतून पाच किलो दळून आणलं की निम्मं मर्यादेबाहेर जातं, आणि तिथे आधी कुणाचं काय दळलं होतं ते कळत नाही. म्हणून तिने लग्नानंतर वर्षभरात घरघंटी घेतली. तेव्हापासून सोसायटीतल्या, माहेरच्या, मंदिरातल्या बायका तिलाच विचारतात. कोणती घेऊ? आवाज किती? साफ कशी करतेस? तिच्या तक्त्यात घरघंटी नव्हतीच. जे आपण रोज करतो ते 'माहिती' आहे असं आपल्याला वाटतच नाही, ही आपल्या बायकांची जुनी खोड.

विषय योग्य आहे का हे बघायला मी तीन कसोट्या लावल्या. धंद्यातली माणसं फार वेगळं काही सांगत नाहीत.

पहिली : वस्तू आपल्या हाताखालून गेलेली हवी. इथे ती चार वर्षं वापरात आहे.

दुसरी : प्रश्न पुरेसे हवेत. एका बैठकीत पंचवीस-तीस प्रश्न वहीत उतरले तर विषयाला जीव आहे. दहावर अडलात तर तो फारच अरुंद आहे. आणि प्रश्न संपतच नसतील, तर तो फार रुंद आहे. 'स्वयंपाकघर' हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. 'मर्यादेचं पीठ घरी दळणाऱ्यांसाठी घरघंटी आणि तिच्यासोबतच्या वस्तू' हा विषय. चाळण्या, डबे, पाणी गाळायचं कापड हे त्याच्या आजूबाजूला आपोआप येतं. आणि तो फक्त आपल्यापुरता राहत नाही. लेकराला नाचणीचं सत्त्व करणारी, भाजणी दळणारी, गव्हाचं खाणं बंद केलेली कुठलीही बाई तिथे येऊ शकते.

तिसरी : हिशेब. समजा कमिशन चार टक्के धरलं (खरा दर वस्तूच्या वर्गाप्रमाणे ठरतो आणि दुकान तो बदलतंही). दीडशे रुपयांच्या गाळण्यावर सहा रुपये मिळतील. पंधरा हजारांच्या घरघंटीवर सहाशे. घरघंटी रोज कुणी घेत नाही, पण घेणारी आधी दहा ठिकाणी विचारून, वाचून घेते. वाचून घेतली जाणारी वस्तू अशा साइटला बरी.

तीस प्रश्न निघाले. त्यानंतर कीवर्ड.

नुसतं 'घरघंटी' टाकून पाहिलं तर पहिल्या पानावर कंपन्या आणि मोठी दुकानं. 'घरघंटी किंमत' टाकलं तरी तेच. तिथे नव्या साइटला उभं राहायलाही जागा नाही, आकडा कितीही मोठा असो. मग वहीतले प्रश्न एकेक टाकले. 'घरघंटीत अर्धा किलो गहू दळता येतात का'. 'बेसन दळल्यावर घरघंटी साफ कशी करायची'. 'फ्लॅटमध्ये घरघंटीचा आवाज'. कुठे उत्तरच नाही, कुठे अर्धवट, कुठे कंपनीचंच. अशा लांब, नेमक्या शब्दांना शोध कमी असतात, पण शोधणारी बाई खरोखर गरज असलेली असते. आणि तिथे आपल्याला जागा मिळू शकते.

शब्द शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. गूगलमध्ये 'घरघंटी' लिहून पुढे एकेक अक्षर टाका, खाली सूचना येतात. त्या लोकांनी खरोखर शोधलेल्या असतात. गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, तो ढोबळ आकडे देतो. गूगल ट्रेंड्सवर कुठल्या महिन्यात शोध वाढतो ते दिसतं. एक लक्षात ठेवा, आपल्या बायका तीन तऱ्हांनी शोधतात : देवनागरीत मराठी, रोमन अक्षरांत मराठी, आणि सरळ इंग्रजी. तिन्ही तपासा. आणि साधनाने शून्य दाखवलं म्हणून प्रश्न टाकून देऊ नका. थोडक्या शोधांची नोंद ती साधनं दाखवतच नाहीत. चार बायकांनी तुम्हाला फोन करून विचारलंय, हा आकडा त्या शून्यापेक्षा खरा आहे.

शोधांचे दोन ढीग करा. काही बायकांना फक्त जाणून घ्यायचं असतं, काही विकत घ्यायच्या बेतात असतात. 'पीठ कोमट का येतं' हा पहिला ढीग, 'एक एचपीची पुरेल का' हा दुसरा. कमिशन दुसऱ्यातून येतं, विश्वास पहिल्यातून. दोन्ही लागतात. आणि एका प्रश्नाला एकच पान. आजकाल गूगल बऱ्याच प्रश्नांचं उत्तर वरच्या वर देऊन टाकतं. त्यामुळे एका ओळीत संपणारा प्रश्न घेऊन उपयोग नाही. जिथे हात घालून बघितलेलं सांगावं लागतं, तोच प्रश्न घ्या.

असा एक प्रश्न भाचीने स्वतःच काढला. दळून झाल्यावर घरघंटीच्या आत, जाळीभोवती थोडं पीठ राहतं. पावसाळ्यात ते दमट होतं आणि त्यात किडे होतात. चार दिवसांनी त्यावरच नवे गहू दळले, तर ताज्या पिठात जुनं मिसळलंच. मग त्या पिठाची मर्यादा कसली? ब्रश कुठे पोचत नाही, जाळी काढून काय पुसायचं, सगळं तिने करून बघितलंय. हा कीवर्ड कुठलंही साधन सुचवणार नाही. पण चौका लावणारी प्रत्येक बाई हे वाचायला थांबेल. मी म्हटलं, "हा तुझा पहिला लेख."

एक टोचणी मात्र मला राहिली आणि ती मी लपवत नाही. आपलं पाचवं अणुव्रत परिग्रहपरिमाण. वस्तू मोजक्या ठेवा असं ते सांगतं. आणि ही साइट जगणार वस्तू विकल्या जाण्यावर. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सुचलं की साइटवर 'तुम्ही घरघंटी घेऊ नका' असंही एक पान असावं. घरात दोघंच आहात, आठवड्याला किलोभर पीठ लागतं, माळ्यावर जातं पडून आहे, तर पंधरा हजार कशाला घालता? 'आजच घ्या, ऑफर संपतेय' हे शब्द साइटवर नकोत. जिला घ्यायचीच आहे तिला नीट घेता यावी, आणि जिला नकोय तिचे पैसे वाचावेत. कमिशन थोडं कमी होईल. साखर-चहापूड शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ दे.

मी तिला स्वप्नंही दाखवली नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद करतात. म्हणून पाच-दहा चांगली पानं लिहून मगच अर्ज करावा. स्वतःच्याच लिंकवरून स्वतः खरेदी करणं नियमात बसत नाही, तो मोह नको. लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांत बाईने वस्तू निवडली नाही तर कमिशन आपलं नाही. गूगलला नव्या साइटवर भरवसा बसायला महिने लागतात. सहा-आठ महिने एक रुपयाही दिसला नाही तरी चालेल, अशाच तयारीने उतरायचं. बाळाच्या शाळेची फी यावर धरायची नाही. आणि जे येईल ते उत्पन्नच, त्याचा हिशेब पहिल्या रुपयापासून ठेवायचा.

सूर्य मावळायच्या आत मी तिच्यापुढे ताट ठेवलं. खाताखाता तिने पुन्हा तो जुना तक्ता उघडला. मला वाटलं, मोठा आकडा अजून सुटत नाहीये. तिने वरच्या तिन्ही ओळी खोडल्या, आणि खाली नवी ओळ लिहिली : खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी. समोरचा आकडा बराच लहान होता.

"ही चालेल ना, मावशी? पुढे कधीतरी."

चालेल की. डास बाहेर, आपण आत, कुणी कुणाला मारलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर आधी क्लास लावू नका. वही घ्या. बायका तुम्हाला फोन करून काय विचारतात ते आठवडाभर लिहून ठेवा. निश त्या वहीतच सापडेल, आणि कीवर्डही. आकडे नंतर बघता येतात.

लिहिण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. जय जिनेंद्र.